घरी किट विमान बांधताना येणाऱ्या अडचणी : चुकलेलं छिद्र, गळणारी टाकी आणि उलटे जोडलेले कंट्रोल

यूट्यूबवर आपल्या गॅरेजमध्ये विमान बांधणाऱ्या लोकांचे व्हिडिओ तुम्ही कधी ना कधी पाहिले असतील. टाइमलॅप्समध्ये दोन मिनिटांत पंख तयार होतो, पुढच्या व्हिडिओत इंजिन बसतं आणि शेवटच्या व्हिडिओत विमान चक्क उडतं! मधले शेकडो तास आणि त्यात अडलेल्या गोष्टी मात्र फारशा दिसत नाहीत. छिद्र चुकीच्या जागी पडणं, रिव्हेट वाकडा बसणं, इंधनाची टाकी गळणं, बोल्ट लांब किंवा आखूड निघणं या गोष्टी जवळपास प्रत्येक बांधणाऱ्याच्या वाट्याला येतात. मोबाईलमध्ये ॲप नीट इन्स्टॉल झालं नाही तर ते काढून पुन्हा टाकता येतं. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पडलेलं छिद्र मात्र परत बुजत नाही. त्यामुळे इथे खरा प्रश्न असतो तो हा, की झालेली चूक दुरुस्त करायची, तशीच ठेवायची की तो भाग फेकून नवा मागवायचा?

किट विमान म्हणजे काय?

किट विमानात कंपनी तुम्हाला कापलेले पत्रे, पंखातल्या आडव्या पट्ट्या म्हणजे रिब्स, पंखाचा मुख्य कणा म्हणजे स्पार, नटबोल्ट आणि ड्रॉइंग्ज पाठवते. जोडणी तुम्ही करायची. इंजिन, प्रोपेलर आणि कॉकपिटमधले स्क्रीन बहुतेक वेळा वेगळे घ्यावे लागतात.

या छंदाचं मुख्य घर अमेरिका. तिथे अशा विमानांसाठी ‘एक्स्पेरिमेंटल ॲमॅच्युअर-बिल्ट’ नावाचा वेगळा प्रकार आहे आणि विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने स्वतः, शिकण्यासाठी किंवा आवड म्हणून बांधलेला असावा अशी अट आहे. बोलताना याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. ईएए ही या लोकांची संघटना १९५३ साली सुरू झाली. दर उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉश इथे तिचा मोठा मेळावा भरतो. सगळ्यात जास्त खपणाऱ्या किटमध्ये ओरेगॉनच्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीची आरव्ही मालिका येते. या मालिकेतली दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी बांधून उडवली आहेत. खालची माहिती मुख्यतः आरव्हीसारख्या ॲल्युमिनियमच्या किटबद्दल आहे. फायबरग्लासच्या विमानांच्या अडचणी बऱ्याच वेगळ्या असतात.

छिद्र आणि रिव्हेट

अशा विमानात पत्रे वेल्डिंगने नाही, तर रिव्हेटने जोडतात. दोन सीटच्या विमानातही दहा हजारांच्या वर रिव्हेट लागतात. रिव्हेट म्हणजे एका बाजूला डोकं असलेला ॲल्युमिनियमचा छोटा खिळा. तो छिद्रात घालायचा, डोक्याच्या बाजूने हवेवर चालणाऱ्या रिव्हेट गनने ठोके द्यायचे आणि मागून लोखंडी ठोकळा धरायचा. ठोकळ्यावर आपटून मागचं टोक चपटं होतं आणि दोन्ही पत्रे घट्ट धरले जातात. या चपट्या टोकाला ‘शॉप हेड’ म्हणतात. त्याचं माप ठरलेलं आहे. रुंदी रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट, उंची जाडीच्या निम्मी. म्हणजे १/८ इंची रिव्हेट असेल तर शॉप हेड ३/१६ इंच रुंद आणि १/१६ इंच उंच हवं. हे तपासायला साधा गेज मिळतो.

रिव्हेट मारण्याआधी पत्रे ‘क्लेको’ नावाच्या स्प्रिंगच्या छोट्या पिनांनी तात्पुरते धरून ठेवतात. कापड शिवण्याआधी टाचण्या लावतात ना, तसंच. ३/३२ इंची छिद्रासाठी चंदेरी क्लेको, १/८ साठी तांब्याच्या रंगाचा. पत्रे क्लेकोवर असेपर्यंत सगळं उघडता येतं. म्हणून छिद्रं जुळत नसतील, पत्रा फुगत असेल किंवा रिब तिरकी वाटत असेल तर शोध इथेच थांबून घ्यायचा. बऱ्याचदा डावा आणि उजवा भाग उलटा लावलेला असतो. पत्रा हाताने ओढून, दाबून छिद्रं जुळवली तर विमान त्या ताणासकट कायमचं बांधलं जातं.

आता समजा, छिद्र चुकलंच. पहिलं माप घ्यायचं ते छिद्राच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत. नियम असा की हे अंतर रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट हवं. १/८ इंची रिव्हेटला १/४ इंच. अंतर कमी असेल तर जोर आल्यावर छिद्र आणि कड यांच्यामधला पत्रा फाटू शकतो. दिसायला तो मिलिमीटरचा फरक असतो, पण भाग ठेवायचा की बदलायचा हे बहुतेक वेळा त्यावरूनच ठरतं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘आठ’. ड्रिल घसरतं, शेजारी दुसरं छिद्र पडतं आणि दोन्ही मिळून इंग्रजी आठासारखा आकार होतो. छिद्र थोडंच मोठं झालं असेल आणि कडेचं अंतर पुरत असेल तर एक माप मोठा रिव्हेट वापरता येतो. ३/३२ च्या जागी १/८ रिव्हेट घातला की डोकं मोठं होतं आणि पत्र्यातल्या खळीत बसत नाही. त्यासाठी जाड दांडा पण लहान डोकं असलेले खास रिव्हेट मिळतात. बांधणारे त्यांना चक्क ‘ऊप्स रिव्हेट’ म्हणतात. नावावरूनच कळतं, गरज किती जणांना पडली असेल!

वाकडा बसलेला रिव्हेट काढायची पद्धतही ठरलेली आहे. डोक्याच्या बरोबर मध्यभागी, फक्त डोक्याच्या उंचीइतकंच ड्रिल करायचं. मग त्या छिद्रात पंच घालून डोकं हलकेच तिरकं करून तोडायचं. त्यानंतर मागून लाकडाचा आधार देऊन उरलेला दांडा पंचने ठोकून बाहेर काढायचा. घाई करून ड्रिल आरपार घातलं तर रिव्हेट निघतो, पण छिद्र मोठं होतं आणि आधी नसलेली अडचण उभी राहते.

इथे नवख्यांना पटायला अवघड जाणारी एक गोष्ट आहे. जरासा वाकडा किंवा थोडा जास्त चपटा झालेला रिव्हेट पुष्कळदा तसाच ठेवणं चांगलं असतं. एका ओळीत तीस रिव्हेट असतील आणि त्यातला एक दिसायला कमी असेल, तर ओळीच्या ताकदीत नगण्य फरक पडतो. तोच रिव्हेट दोनदा-तीनदा काढून बसवला तर छिद्र लांबट होतं, पत्र्याला ठोके बसतात आणि आता खरोखरच कमजोर जागा तयार होते. व्हिडिओसाठी सगळं चकचकीत दिसावं म्हणून रिव्हेट बदलत बसणं हा माझ्या मते या छंदातला सर्वात महागडा हट्ट आहे. अर्थात सैल रिव्हेट, पत्र्यांमध्ये फट राहिलेला रिव्हेट किंवा चीर पडलेला पत्रा या सवलतीत बसत नाहीत.

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून ड्रिल बिट आणणाऱ्यांसाठी एक सूचना. हे सगळं काम अमेरिकन मापात चालतं. १/८ इंची रिव्हेटला ३० नंबरचं बिट लागतं, म्हणजे साधारण ३.२६ मिमी. ३/३२ ला ४० नंबरचं, म्हणजे साधारण २.४९ मिमी. ‘जवळचं’ मेट्रिक बिट वापरण्यापेक्षा नंबरचं बिट मागवलेलं बरं. शेवटी एका बिटचा खर्च नव्या स्पारच्या खर्चापुढे काहीच नाही.

छिद्र बरोबर, तरी चीर का पडली?

कधी कधी चूक बांधणाऱ्याची नसतेच. पत्र्याच्या छिद्राची कड खरखरीत राहिली तर चीर तिथून सुरू होते. म्हणून प्रत्येक छिद्राची कड साफ करावी लागते, याला डीबरिंग म्हणतात. काम अतिशय कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही.

याचं मोठं उदाहरण २०२३ मध्ये दिसलं. मागणी वाढल्यावर व्हॅन्सने काही भागांची छिद्रं नेहमीच्या पंचऐवजी लेझरने कापून घेतली होती. लेझर जिथे कापायला सुरुवात करतो आणि जिथे थांबतो, तिथे छिद्राच्या कडेला बारीक खाच राहत होती. रिव्हेटचं डोकं बसावं म्हणून त्या छिद्राला खळी पाडली की काही ठिकाणी चिरा दिसू लागल्या. बांधणाऱ्यांच्या तक्रारी आल्यावर कंपनीने चाचण्या केल्या, कोणते भाग चालतील आणि कोणते बदलावे याच्या याद्या दिल्या. कंपनीवरचा आर्थिक ताणही वाढला आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिने अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर ११’ खाली अर्ज केला. त्यानंतरही ती सुरूच आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने यातला धडा सरळ आहे. सेकंड-हँड, अर्धवट बांधलेलं किट घेताना त्यातले भाग कोणत्या काळातले आहेत हे विचारा आणि कंपनीच्या यादीशी ताडून बघा.

पंख जोडणी : एकदाच पडणारं छिद्र

आरव्हीच्या जुन्या पद्धतीच्या किटमध्ये पंख धडाला जोडताना मागच्या स्पारचं छिद्र बांधणाऱ्याला स्वतः पाडावं लागतं. पंख किती अंशात बसणार हे त्या छिद्राने कायमचं ठरतं. दोन्ही पंखांच्या कोनात फरक राहिला तर विमान सतत एका बाजूला कलत राहतं.

इथे लागणारं साधन गवंड्याचं आहे, ओळंबा! पंखाच्या पुढच्या कडेवरून दोन्ही बाजूंना ओळंबे सोडतात आणि ते सगळे एका सरळ दोरीच्या रेषेत येतात का ते पाहतात. मग पंखाच्या टोकापासून शेपटीपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी मोजतात. शेवटी डिजिटल लेव्हलने कोन. मोबाईलमधलं लेव्हल ॲप अंदाजासाठी ठीक आहे, पण कॅमेऱ्याचा उंचवटा आणि कव्हर यामुळे फोन सपाट टेकत नाही. अंतिम मापासाठी त्यावर विसंबू नका.

ड्रिल करण्याआधी कडेचं अंतर पुन्हा मोजायचं. ५/१६ इंची बोल्ट असेल तर मध्यापासून सगळ्या बाजूंना किमान ५/८ इंच. कोन बरोबर येतोय पण कडेचं अंतर पुरत नाही, असं झालं तर ड्रिल खाली ठेवून कंपनीला फोटो पाठवायचे. या एका छिद्रासाठी आठवडाभर थांबलेले लोक आहेत आणि त्यांनी योग्यच केलं.

इंधनाची टाकी आणि पाइप

आरव्हीत पंखाचा पुढचा भाग हीच टाकी असते. तिचे सांधे आतून काळपट, चिकट सीलंटने बंद करतात. टाकी पूर्ण झाल्यावर गळती तपासायची युक्ती मजेशीर आहे. एका तोंडाला फुगा लावतात, टाकीत अगदी थोडी हवा भरतात आणि फुगा दिवसभर फुगलेला राहतो का ते बघतात. सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं की गळतीच्या जागी बुडबुडे येतात. दाब फार कमी ठेवायचा असतो. कॉम्प्रेसरने थेट हवा भरली तर टाकीच फुगून वाकडी होईल. दुपारी फुगा टम्म आणि रात्री सैल दिसला तर लगेच घाबरू नका, तापमान बदललं की आतल्या हवेचा दाबही बदलतो.

गळती सापडली तर बाहेरून सीलंट थापण्याचा मोह होतो. ते टिकत नाही, कारण आतलं इंधन त्या थराला बाहेर ढकलत राहतं. झाकण उघडून आतूनच सील करावं लागतं.

इंधनाच्या ॲल्युमिनियम पाइपांची टोकं भोंग्यासारखी पसरवून फिटिंगला जोडतात. विमानाच्या फिटिंगचा कोन ३७ अंश असतो, तर गाड्यांच्या ब्रेक पाइपसाठी गॅरेजमध्ये मिळणारं हत्यार साधारणपणे ४५ अंशांचं असतं. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात, नट बसतोही, आणि मग सांधा पाझरतो किंवा काही दिवसांनी पाइपच्या टोकाला चीर जाते. घट्ट करून करूनही एखादा सांधा पाझरत असेल तर अजून आवळण्याआधी हत्याराचा कोन तपासा. आणि नळाच्या कामात वापरतात ती पांढरी टेफ्लॉन टेप इथे नको. तिचे तुकडे सुटून इंधनाच्या मार्गात अडकू शकतात.

इंधनाच्या बाबतीत एक अपघात या क्षेत्रातला प्रत्येक जण ऐकून असतो. प्रसिद्ध अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरे बेजवळ लाँग-ईझी जातीच्या विमानात मरण पावले. हे विमान किट नव्हे, तर बर्ट रुटान यांच्या प्लॅनवरून एका हौशी माणसाने बांधलेलं होतं. डेन्व्हरनी ते नुकतंच सेकंड-हँड घेतलं होतं. जुन्या मोटरसायकलवर पेट्रोल मेनवरून रिझर्व्हला टाकायचा कॉक असतो, तसा या विमानात डाव्या-उजव्या टाकीसाठी कॉक असतो. प्लॅनमध्ये त्याची जागा पायलटच्या समोर, पायांमध्ये होती. बांधणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला. तिथे हात पोचवायला पायलटला मागे वळावं लागे, आणि वळताना उजवा पाय रडरच्या पॅडलवर दाबला जाण्याची शक्यता होती. कॉकवर खुणा नव्हत्या, इंधन किती उरलंय हे दाखवणाऱ्या काचेवरही नव्हत्या. अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास यंत्रणेने निष्कर्ष काढला, की कॉक फिरवण्याच्या नादात लक्ष विचलित झालं, नकळत उजवा रडर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला. उड्डाणाआधी इंधन न भरणं आणि या विमानाचा अपुरा सराव ही कारणंही तपासात नोंदवली गेली, आणि त्यांच्यासोबत कॉकची बदललेली जागाही.

यात एकही भाग तुटलेला नव्हता. कॉक गळत नव्हता. कॉकपिटमध्ये इंधनाचे पाइप येऊ नयेत हा बांधणाऱ्याचा हेतूही समजण्यासारखा होता. म्हणून प्लॅनपासून कुठेही फारकत घेताना ‘हे बसेल का’ यासोबत आणखी एक तपासणी करायची. सीटवर बसून, बेल्ट लावून, समोर बघत असतानाच तिथे हात पोचतो का?

नटबोल्ट किती आवळायचे?

‘चांगला घट्ट’ हे माप विमानात चालत नाही. ३/१६ इंची एएन३ बोल्टसाठी नेहमीचा टॉर्क २० ते २५ इंच-पाउंड आहे, म्हणजे साधारण २.३ ते २.८ न्यूटन-मीटर. १/४ इंची एएन४ साठी ५० ते ७० इंच-पाउंड. हा जोर आपल्या कल्पनेपेक्षा बराच कमी आहे. मोटरसायकलच्या कामाची सवय असलेला हात एएन३ सहज ताणून टाकतो. आतून लॉक होणारा नट असेल तर तो नुसता फिरवायला जेवढा टॉर्क लागतो तो आधी मोजायचा आणि वरच्या आकड्यात मिळवायचा. ड्रॉइंगमध्ये वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळायचा.

बोल्ट लांब वाटला तर वॉशर वाढवता येतो, पण तीनच्या वर जायची वेळ आली तर बोल्टच चुकीच्या लांबीचा आहे. बोल्टचे आटे छिद्रातल्या पत्र्यावर टेकता कामा नयेत आणि नटाच्या बाहेर किमान एक आटा दिसला पाहिजे. टॉर्क दिलेल्या नटावर लगेच रंगीत लाखेची रेघ ओढतात. नट नंतर हलला तर रेघ तुटलेली दिसते. शिवाय काम अर्धवट सोडून उठलात तर कुठला नट राहिला, हेही कळतं.

कंट्रोल आणि वायरिंग

एलेरॉन म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरचे हलणारे तुकडे. ते उलटे जोडले गेले तर डावीकडे वळायला गेल्यावर विमान उजवीकडे कलतं. हे वाचायला अशक्य वाटतं, पण मोठ्या वर्कशॉपमध्येही असं घडलेलं आहे. तपासणी सोपी आहे. स्टिक मुठीत धरा, अंगठा वर ठेवा आणि स्टिक डावीकडे न्या. अंगठा ज्या बाजूला झुकतो, त्या बाजूचा एलेरॉन वर उठला पाहिजे. ही तपासणी ज्याने जोडणी केली नाही अशा माणसाकडून करून घ्यावी.

आता तुमच्या ओळखीची एक अडचण. मॅग्नेटचं कव्हर किंवा कारमधला मॅग्नेटचा होल्डर असेल तर फोनमधला कंपास भलतीकडे दाखवतो. विमानातल्या डिजिटल स्क्रीनलाही तसाच मॅग्नेटोमीटर सेन्सर लागतो आणि तो तितकाच हळवा असतो. जवळ लोखंडी स्क्रू असेल, दिव्यांची वायर जात असेल किंवा कंट्रोलची पोलादी दांडी हलत असेल तर दिशा चुकते. त्यामुळे तो पंखाच्या टोकाला किंवा शेपटीत बसवतात. तपासताना विमान जागेवर ठेवून एकेक दिवा, पंप, हीटर चालू करत जायचं. ज्या क्षणी स्क्रीनवरची दिशा सरकते, ती वायर गुन्हेगार. कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा करून ही अडचण जात नाही.

हेडसेटमध्ये इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी ऐकू आली तर बहुतेक वेळा अर्थिंगकडे बघावं लागतं. रेडिओ आणि ऑडिओच्या वायरी वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ न करता एकाच जागी आणल्या की ती पुष्कळदा जाते.

अडलं तर विचारायचं कोणाला?

आधी ड्रॉइंग आणि कंपनीची सूचनापत्रकं, कारण तीच अडचण आधी कुणाला तरी आलेली असते. मग कंपनीचा बिल्डर सपोर्ट. ईएएचे ‘टेक्निकल काउन्सिलर’ नावाचे अनुभवी स्वयंसेवक असतात, ते येऊन काम पाहतात. सोशल मीडियावरच्या ग्रुपमध्ये उत्तर लवकर मिळतं, पण ‘माझ्या विमानात तर चालतंय’ हे स्ट्रक्चरच्या बाबतीत उत्तर नाही.

विचारताना फोटो नीट काढा. दोष असलेल्या जागेजवळ स्टीलची पट्टी ठेवा, एक फोटो जवळून आणि एक लांबून घ्या, ड्रॉइंगचा पान नंबर आणि भागाचा नंबर लिहा. हेच फोटो तारखेसह जपून ठेवले तर पुढे विमान खरंच तुम्ही बांधलंय याचा पुरावा म्हणूनही उपयोगी पडतात. अमेरिकेत तपासणीनंतरही थेट प्रवासी बसवता येत नाहीत. आधी ठरवून दिलेल्या भागात चाचणी उड्डाणं करावी लागतात, सहसा २५ किंवा ४० तास.

भारतात अमेरिकेचा ५१ टक्क्यांचा नियम आपोआप लागू होत नाही, त्यामुळे किटची ऑर्डर देण्याआधी डीजीसीएचे नियम आणि परवानगीची प्रक्रिया पाहणं आवश्यक आहे. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या घराच्या गच्चीवर विमान बांधलं. ते किट नव्हतं, त्यांचं स्वतःचं डिझाइन होतं. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं, आणि डीजीसीएची नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं.